हंसराज ओळखायचाय? मग वरून फोटो काढू नका, पान उलटून बघा

पावसाळा लागला की दर शनिवार-रविवारी मला कुणी ना कुणी नेच्याचा, म्हणजे फर्नचा, फोटो पाठवतं, "हा हंसराज का रे?" आणि फोटोत काय असतं, तर वरून काढलेला एक हिरवा गुच्छ, थोडा हललेला, कोपऱ्यात कुणाचा तरी चिखलाने भरलेला बूट. आता यावरून कोण काय सांगणार. मी आपलं लिहितो की असेल, पण पान उलटं करून एक फोटो पाठव, तर तोवर मंडळी मिसळ खाऊन घाट उतरलेली असतात.

म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी काही बॉटनी शिकलेला नाही, नोकरी हिशेबाची आहे, पण बारा-तेरा पावसाळे नेचे बघत फिरलोय आणि नवख्या माणसाला करता येतात तेवढ्या चुका करून झाल्यात. हे सगळं आपल्या सह्याद्रीसाठी आणि कोकणासाठी आहे हे लक्षात ठेवा, हिमालयात किंवा केरळात गेलात तर यादी बदलते.

आधी नावाचा घोळ मिटवू

हंसराजाला इंग्रजीत मेडनहेअर फर्न म्हणतात, पण मेडनहेअर फर्न हे एका झाडाचं नाव नाही. अ‍ॅडिअँटम नावाची एक मोठी प्रजाती (जीनस) आहे, जगभरात तिच्या दोनशेच्या वर जाती आहेत, त्या सगळ्यांना मिळून हे नाव. आपल्या जंगलात पावसाळ्यात जी सगळ्यात जास्त दिसते ती अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं, फिलिपिन्सवरून, पण झाड काही तिकडून आलेलं नाही, आफ्रिकेपासून आशियापर्यंत उष्ण भागात ते आपलं आपण उगवतं आणि आपल्याकडेही ते अस्सल इथलंच आहे. जुन्या पुस्तकात याचंच नाव अ‍ॅडिअँटम लुन्युलेटम असं सापडेल, लुन्युलेटम म्हणजे चंद्रकोरीसारखं. मला विचाराल तर तेच नाव जास्त चांगलं होतं, कारण पर्णिका, म्हणजे पानाचा एकेक छोटा भाग, खरंच कोरीसारखी दिसते, पण नावांचे नियम आपल्याला विचारून ठरत नाहीत.

मराठीत हंसराज म्हणतात, कुणी राजहंस म्हणतं, औषधवाले हंसपदी म्हणतात, आणि घोडखुरी असंही एक नाव आहे. पर्णिकेचा आकार घोड्याच्या खुरासारखा, एवढं एकदा डोळ्यात बसलं की हे नाव विसरत नाही. मात्र काष्ठौषधीच्या दुकानात "हंसराज" म्हणून जी सुकी काडी-कचऱ्याची पुडी मिळते ती आपल्याच हंसराजाची असेल असं धरून चालू नका. हिमालयात दुसऱ्याच जातीला हंसराज म्हणतात आणि बाजारात सगळं एकाच नावाने विकलं जातं.

पहिली पायरी: जागा

माझं तर सरळ म्हणणं आहे की हंसराजाची अर्धी ओळख जागा बघूनच होते, झाड नंतर. नवीन माणूस काय करतो, पावसाळ्यात फिरायचं म्हणून कासला किंवा एखाद्या उघड्या सड्यावर जातो आणि तिथे फर्न शोधतो. तिथे फुलं बघा ना, मस्त आहेत, पण उघड्या कातळावर वारा आणि ऊन दोन्ही थेट लागतं, तिथे हंसराज कशाला राहील. त्याच सड्याच्या कडेला जिथे झाडी सुरू होते आणि दगड ओला राहतो तिथे चार पावलं खाली उतरा, लगेच दिसेल.

त्याला तीन गोष्टी लागतात. सावली, पण मिट्ट काळोख नाही, झाडांच्या फटीतून येणारा उजेड चालतो. ओलावा, पण साचलेलं पाणी नाही, म्हणून सपाट जमिनीपेक्षा उभी किंवा तिरकी बाजू त्याला आवडते, जिथून पाणी झिरपून निघून जातं. आणि तिसरं म्हणजे मूळ धरायला फट, ज्यात थोडी माती, थोडा पालापाचोळा अडकलाय आणि ज्यावर गवताचं राज्य झालेलं नाही. गवत जिथे गुडघाभर आलंय तिथे हा नसतो.

आता या तीन गोष्टी कुठे मिळतात? घाटरस्त्याच्या आतल्या बाजूला, जिथे डोंगर कापलाय, त्या कटिंगवर. पायवाटेच्या कडेला जो हातभर उंचीचा मातीचा बांध असतो त्यावर. ओढ्याच्या काठावर, पण पाण्याच्या रेषेच्या वर, म्हणजे पूर आला तरी वाहून जाणार नाही एवढं वर. देवराईत मोठ्या झाडांच्या मुळ्यांच्या बेचक्यात. किल्ल्यांवर बुरुजाच्या दगडांच्या सांध्यात आणि पाण्याच्या टाक्यांच्या वरच्या कडेला. माथेरानला लाल मातीच्या रस्त्याने चाललात तर बाजूच्या बांधांवर, आणि तिथे मोटारगाड्यांची वर्दळ नाही त्यामुळे निवांत गुडघे टेकून बघता येतं, शिकायला मला तीच जागा सगळ्यात बरी वाटते. आंबोली, ताम्हिणी, भीमाशंकर, माळशेज, महाबळेश्वरच्या खालच्या वाटा, कुठेही जा. मुंबईकरांनी तर फार लांब जायचीही गरज नाही, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या वाटा पावसाळ्यात पुरतात.

कोकणात तर घराच्या दारातच. आमच्या आत्याच्या घरामागे चिऱ्यांचा गडगा आहे, त्याच्या उत्तरेकडच्या अंगाला जुलैमध्ये हंसराजाची नुसती झालर लागते आणि दक्षिणेकडच्या अंगाला, त्याच गडग्यावर, दोन हात पलीकडे, एकही नाही. तिकडे दुपारचं ऊन लागतं ना. कितीदा तरी मी दोन्ही बाजूंनी चालत जाऊन बघितलंय. आत्याला हे काही विशेष वाटत नाही, ती म्हणते, "अरे ते गवत, गणपतीच्या आधी काढून टाकते मी सगळं." काढतेही. आणि पुढच्या वर्षी परत येतं.

शेजारीपाजारी कोण आहे तेही बघायची सवय लावा. दगडावर हिरवं मखमली शेवाळ, त्याच्यात मधेच चपटे लिव्हरवर्ट (शेवाळाचेच नातलग), बिगोनियाची गुलाबी फुलं, तेरडा, सेलाजिनेला या नेच्यांच्या नातलगाच्या बारीक फांद्या, अशी मंडळी एकत्र दिसली की थांबायचं आणि खाली वाकायचं.

आणि हो, फटीत हात घालायचा नाही. ज्या फटी हंसराजाला आवडतात त्या चापड्यालाही, म्हणजे त्या विषारी सापालाही, आवडतात. काठीने पान बाजूला करा. घाटाच्या कटिंगखाली मोठ्या पावसात उभं राहू नका, दरड सांगून येत नाही. आंबोलीसारख्या ठिकाणी जळवा असतात, त्याला मीठ किंवा तंबाखूची पुडी खिशात, बस.

दुसरी पायरी: कधी जायचं

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की जमिनीखालच्या छोट्या मूलखोडातून कोंब येतात, घड्याळातल्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. जुलैत पानं उलगडतात. पण ओळखायला शिकायचं असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतचे दिवस उत्तम, कारण तेव्हा बीजाणू (ज्यातून नवा फर्न उगवतो ती बारीक धूळ) धरलेले असतात आणि पुढे सांगतोय ती कडेची खूण तेव्हाच नीट दिसते. जून-जुलैत कोवळ्या पानावरून ठाम नाव सांगणाऱ्या माणसाला मी जरा घाबरूनच असतो. नोव्हेंबरनंतर पानं पिवळी पडून वाळतात, उन्हाळ्यात वर काहीच नसतं.

सामान फार नाही. फोन, दहा पट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात तसलं, स्टेशनरीच्या दुकानातही मिळतं), सहा इंची पट्टी, पाण्याची बाटली आणि गुडघे टेकायला एक जुनी पिशवी. या पिशवीचं महत्त्व पहिल्याच दिवशी पँट भिजली की कळतं.

तिसरी पायरी: देठ

पानाचा देठ बघा. काळा किंवा काळपट तपकिरी, चकचकीत, बारीक, एखाद्या केसाच्या पिनेसारखा. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतो, लव नाही. तळाशी अगदी थोडे बारीक खवले असतात तेवढे सोडा. ही लव नसण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

पण नुसत्या काळ्या देठावर जाऊ नका, ते माझं पहिल्या वर्षीचं पाप. काळे चकचकीत देठ असलेले दुसरे फर्नही भरपूर आहेत. मी तर रुपेरी फर्नला हंसराज म्हणून दहा लोकांना दाखवलंय, देठ काळा बघून. त्याचं पान उलटं केलं असतं तर खाली पांढरी पूड दिसली असती, हाताला लागते ती, लहानपणी आम्ही ती हातावर दाबून छाप उठवायचो. म्हणजे झाड ओळखीचं होतं, तरी चुकलो.

चौथी पायरी: पर्णिका

अख्खं पान साधारण वीतभर, कधी जास्त. मधल्या काळ्या दांडीच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने पर्णिका लागलेल्या, एकेरी, म्हणजे दांडीला फांदी आणि फांदीला परत फांदी असला प्रकार नाही. एक दांडी आणि तिला थेट पर्णिका. हे सगळ्यात आधी बघा, कारण इथेच नर्सरीतला मेडनहेअर बाद होतो, तो दोन-तीनदा विभागलेला, झुबकेदार असतो.

प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा बारीक काळा देठ असतो, खालच्या पर्णिकांना चांगला लांब, वर जाल तसा आखूड. पर्णिका अर्धवर्तुळासारखी, दोन ते तीन सेंटीमीटर रुंद. खालची कड जवळजवळ सरळ, वरची कड गोल आणि थोडी लाटेदार, कुठे कुठे उथळ कापलेली. पुरणपोळी मधोमध कापून अर्धी ताटात ठेवली तर जशी दिसेल तशी.

आता भिंग काढा आणि पर्णिका आभाळाकडे धरा. मधली शीर नाही! आंब्याच्या, पेरूच्या पानात असते तशी मुख्य शीर दिसणारच नाही. पर्णिकेच्या देठापासून शिरा निघतात आणि दोन-दोन फाटे फुटत फुटत पंख्यासारख्या कडेपर्यंत जातात, एकमेकींना कुठेही परत मिळत नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं तसाच धरून उभा होतो, मागून एक मेंढपाळ काका आले आणि म्हणाले, "काय हरवलं का पाव्हणं?" त्यांनाही भिंगातून दाखवलं, त्यांनी बघितलं, म्हणाले, "शेळ्या खात न्हाईत हे," आणि गेले.

पाचवी पायरी: टोक

ही माझी आवडती खूण आणि नवीन लोक नेमकी हीच बघत नाहीत. पानाच्या टोकाकडे बघा. बऱ्याच पानांची मधली दांडी शेवटच्या पर्णिकेच्या पुढे उघडीच वाढलेली असते, नुसती काळी तार, शेपटीसारखी. ती वाकून खाली टेकते आणि जिथे टेकते तिथे मुळं धरून नवीन रोप तयार होतं. ते रोप मोठं झालं की त्याचं पान आणखी पुढे टेकतं. म्हणून इंग्रजीत याला चालणारा मेडनहेअर म्हणतात. आत्याच्या गडग्यावर एकदा मी असं एक टोक हळूच उचलून बघितलं, चिऱ्याच्या भोकात एवढीशी माती, त्यात तांदळाच्या दाण्याएवढा कोंब आणि दोन केसासारखी मुळं, आणि दांडी मात्र अजून आईला जोडलेली. परत तिथेच टेकवून वर ओलं शेवाळ ठेवलं.

सगळ्याच पानांना अशी शेपटी नसते हे पण सांगतो, नाहीतर एक पान बघून "शेपटी नाही म्हणजे हंसराज नाही" असं म्हणाल. आजूबाजूची आठ-दहा पानं बघा.

सहावी पायरी: पान उलटा

आता मुख्य गोष्ट. पान तोडायचं नाही, दोन बोटात दांडी धरून हळू वळवायचं.

बहुतेक फर्नच्या पानामागे बीजाणूंचे तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात, सोरस म्हणतात त्यांना, आणि लोक ते बघून कीड लागली म्हणतात. अ‍ॅडिअँटममध्ये पानाची पाठ मोकळी असते आणि वरची गोल कड खालच्या बाजूला दुमडलेली असते, साडीच्या काठाला फॉल लावतात किंवा पँटची बॉटम दुमडून शिवतात तशी. ही दुमड आधी फिकट असते, मग तपकिरी होते. आणि गंमत पुढे आहे, बीजाणूंच्या पिशव्या पानाच्या पाठीवर नसतात, त्या दुमडलेल्या पट्टीच्याच आतल्या अंगाला चिकटलेल्या असतात. भिंगाखाली सुईच्या टोकाने पट्टी जराशी उचलली तर पट्टीबरोबर पिशव्याही उचलल्या जातात, पानावर काही राहत नाही. दुसऱ्या काही फर्नच्याही कडा दुमडतात, पण त्यांच्या पिशव्या पानालाच असतात. हे दिसलं की अ‍ॅडिअँटम नक्की, यात वाद नाही.

आता जात कुठली? हंसराजात ही पट्टी लांब असते, गोल कडेने सलग जाते किंवा एक-दोन ठिकाणी तुटते. छोटे छोटे सुटे ठिपके नाहीत, लांब पट्टी. एकेरी पान, देठाला लव नाही, देठवाल्या अर्धगोल पर्णिका आणि कडेला लांब पट्टी, हे चारही जुळलं तर बिनधास्त अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स लिहा.

जाता जाता बाटलीतलं थेंबभर पाणी पानावर टाकून बघा. थेंब पसरत नाही, पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळतो, अळवावरच्यासारखा. अ‍ॅडिअँटम हा मूळ ग्रीक शब्दच "न भिजणारं" अशा अर्थाचा आहे. पोरं बरोबर असतील तर हे आधी दाखवा, बाकीचं ते ऐकून घेतील.

कोण कोण फसवतं

सगळ्यात जवळचा फसवा म्हणजे याचाच भाऊ, अ‍ॅडिअँटम इन्सायझम. तोही एकेरी, तोही टोकाने चालतो, तोही त्याच घाटात. पण देठ आणि दांडी लवेने भरलेली, बोटाला खरखरीत मऊ लागते, पर्णिकांना देठ जवळपास नाहीच, त्या लांबट आणि एकमेकींना खेटून, वरची कड खोल कापलेली, आणि प्रत्येक कापावर बीजाणूंची छोटी सुटी घडी. हा जरा कोरडी जागा पण सहन करतो. फोटोत लव दिसत नाही म्हणून मी सगळ्यांना देठाचा जवळून फोटो मागतो.

दुसरा अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस, म्हणजे व्हीनस देवीचे केस. युनानीत परसियावशान म्हणतात तो हाच. हाही आपल्याकडचा, पण याला चुन्याचा ओलावा आवडतो आणि पाणी बारमाही लागतं. देशावरच्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या बारवा, पाझरणाऱ्या भिंती, अशा ठिकाणी. पान दोन-तीनदा विभागलेलं, पर्णिका पाचरीसारख्या, खाली निमुळत्या आणि वर पंख्यासारख्या. एका बारवेतल्या या फर्नला मी दोन वर्षं हंसराज म्हणत होतो, कारण गूगलवर मेडनहेअर टाकलं की हाच येतो. जानेवारीत गेलो तर तो तसाच हिरवागार, तेव्हा कुठे ट्यूब पेटली, की अरे आपला हंसराज तर या दिवसात वाळलेला असतो.

तिसरा, नर्सरीतला अ‍ॅडिअँटम रॅडिअ‍ॅनम. मूळ दक्षिण अमेरिकेचा, घरातल्या कुंडीत असतो तो. याचे बीजाणू उडून ओल्या भिंतींवर उगवू शकतात. थंड हवेच्या एका ठिकाणी हॉटेलच्या मागच्या भिंतीवर तो बघून मी पाऊण तास फोटो काढले, नवीन जात सापडली म्हणून छाती फुगलेली, आणि माळीदादा आले आणि म्हणाले, "साहेब, तिथं वर मी कुंड्या ठेवायचो." बायको अजून सांगते हे सगळ्यांना. कॅपिलस-व्हेनेरिस आणि हा, दोघे फारच सारखे दिसतात, फरक बघायचा तर बीजाणू न धरलेली पर्णिका भिंगाखाली घ्या. कॅपिलस-व्हेनेरिसच्या शिरा कडेच्या दात्यांच्या टोकात जाऊन संपतात, रॅडिअ‍ॅनमच्या दोन दात्यांमधल्या खाचेत. आणि रॅडिअ‍ॅनमच्या घड्या गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, कॅपिलस-व्हेनेरिसच्या लांबट.

मयूरशिखा हीही फर्नच, पण वेगळीच, ती छोट्या ताडाच्या पंख्यासारखी, उन्हातल्या भिंतींवर असते, ती चुकायचं कारण नाही तरी चुकतात लोक. थॅलिक्ट्रम नावाचं एक फुलझाड मात्र खरंच फसवतं, पानं हुबेहूब मेडनहेअरसारखी, पण त्याला पांढरी झुबकेदार फुलं येतात. फर्नला फूल कधीच येत नाही, फूल दिसलं की विषय संपला.

फोटो आणि नोंद

पाच फोटो काढा. जागेचा लांबून, अख्ख्या झाडाचा, देठाचा जवळून, एका पर्णिकेचा वरून पट्टी ठेवून, आणि पर्णिकेचा खालून. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, बाकीचे चार विसरलात तरी चालेल. खालून फोटो काढताना पान आभाळासमोर धरलं तर कड काळी येते, त्यापेक्षा मागे हात किंवा कागद धरा.

मग लिहा, अगदी फोनमध्ये का होईना, की दगड काळा होता का जांभा, तोंड कुठल्या दिशेला, सावली किती, पाणी झिरपत होतं का, सोबत काय होतं. मी सुरुवातीला फक्त "ताम्हिणी, भारी" असं लिहायचो, आता त्या नोंदींचा मलाच उपयोग नाही. ओळख पटवणाऱ्या ॲपवर आंधळा विश्वास नको, ते प्रजातीपर्यंत बरोबर नेतं आणि पुढे बऱ्याचदा कुंडीतल्याचं नाव चिकटवतं. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर हे पाच फोटो टाकलेत तर जाणकार मंडळी नाव तपासून देतात. आणखी खोलात जायचं असेल तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे वाळवून जपलेले जुने नमुने आहेत, आधी विचारून परवानगी घेऊन जायचं.

उपटून आणू का?

नको. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय झाडपाला उचलणं गुन्हाच आहे. पण बाहेरही नको, कारण तो घरात जगत नाही, फटीतून ओढताना मुळं तिथेच राहतात आणि हातात पानं येतात. कुंडीत हवाच असेल तर नर्सरीतला आणा, तो कुंडीतल्या जगण्याला सरावलेला असतो. खायचा तर प्रश्नच येऊ देऊ नका, कुणी काढा सांगितला तरी स्वतः ओळखलेल्या फर्नचा काढा करून पिऊ नका.

अगदीच हौस असेल तर बीजाणू लावा. आत्याने गणपतीआधी काढून टाकलेल्या पानांतलं तपकिरी कडेचं एक पान मी कागदी पाकिटात ठेवलं, दोन दिवसात खाली धूळ पडली, ती उकळत्या पाण्यातून काढलेल्या विटेवर झटकली आणि वीट झाकणाच्या डब्यात थोड्या पाण्यात उभी केली. काही आठवड्यांनी विटेवर हिरवा थर आला, मग बोटाच्या नखापेक्षा लहान, हृदयाच्या आकाराच्या चकत्या झाल्या, शेवाळ समजून पुसून टाकणार होतो मी. फर्नचं बालपण तेच. त्यातून पुढे पहिलं पान आलं, एकच पर्णिका, काळ्या तारेवर बसलेली.

मोठी झालेली दोन रोपं कुंडीत लावली, पावसाळाभर छान होती, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही वाळली. मी रोज पाणी घालत होतो, मग जास्त घातलं, मग कमी, मग कंटाळून कुंडी घरामागच्या नळापाशी उलटी केली आणि त्यात कढीपत्ता लावला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, नळाखाली काहीतरी कुरळं उगवलंय, तुझं असेल तर बघ, नाहीतर झाडू मारतेय.